हयगय कोणाची

आमच्या कोल्ड स्टोरेजच्या फाटकातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय : 'कामात हयगय करणाऱ्याची गय केली जाणार नाही.' ते वाक्य माझं. म्हणजे तोंडाने सांगितलं मॅनेजरनं, टाइप केलं मी आणि भिंतीवर चढवलं पेंटरनं. अकरा वर्षं मी रोज सकाळी त्याच्या समोरून गेले आणि एकदाही ते वाचलं नाही. रोज दिसतं ते कोण वाचतं?

मिस्त्री वाचायचे. मिस्त्री म्हणजे यंत्रांचे मिस्त्री. कॉम्प्रेसर, पंखे, पाइप, सगळा कारभार त्यांच्याकडे. पन्नाशी उलटलेली, पुढचे दोन दात गेलेले आणि तोंड कायम चालू. मला ते 'हयबाई' म्हणायचे. त्याचं असं झालं की तपासणीला वरून काही बडी माणसं येणार होती. मॅनेजरनं नोटीस सांगितली, 'पाहुण्यांची कोणत्याही प्रकारे हयगय करू नये.' मी घाईत टाइप केली, 'पाहुण्यांची कोणत्याही प्रकारे गय करू नये.' सही झाली, शिक्का झाला, नोटीस फळ्यावर लागली. मिस्त्रींनी ती फाटकापाशी उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली. "ऐका रे पोरांनो, पाहुणे आले की धरून हाणायचं! वरून ऑर्डर आहे!" हमाल पोट धरून हसले. मग मिस्त्री माझ्या खिडकीशी आले. "बाई, त्यातलं 'हय' कुठं गेलं? भूक लागली म्हणून खाल्लंत?"

तेव्हापासून मी हयबाई.

हसायचं ते तेव्हाच हसून घेतलं. गेल्या मंगळवारी मिस्त्री तीन नंबरच्या खोलीत सत्तर मिनिटं कोंडले गेले. उणे अठरा अंश. अंगात एक साधा सदरा. आणि बाहेरून दार लावलं माझ्या सख्ख्या भावानं.

दादा तिथं दरवान आहे. पाच थंड खोल्या, पाच जाड दारं, प्रत्येक दाराला बाहेरून लोखंडी दांडा. दांडा पाडला की दार बसतं. आतल्या माणसासाठी आतून एक खटका असतो. तो दाबला की बाहेरचा दांडा उचलला जातो. कोणी आत जाताना दाराजवळच्या खिळ्याला आपला पितळी बिल्ला अडकवायचा, म्हणजे दरवानाला कळतं की आत माणूस आहे. दांडा पाडण्याआधी दरवानानं खिळा बघायचा आणि तीनदा ओरडायचं, "आत कोण?" नियम एवढा सोपा आहे.

पण मिस्त्री दिवसातून वीस वेळा आतबाहेर करायचे. दर वेळी बिल्ला कोण काढतो आणि घालतो? सकाळी एकदा अडकवायचे, संध्याकाळी घरी जाताना काढायचे. मिस्त्रींचा बिल्ला खिळ्यावर कायम असायचा, म्हणून तो दिसेनासा झाला होता. मंगळवारी ट्रक उभा होता, मॅनेजर फोनवर दादाला शिव्या घालत होता. दादानं खिळ्याकडे बघितलं, बिल्ला बघितला आणि तरी बघितला नाही. एकदा हाक मारली. दांडा पाडला. आत मिस्त्री पंखा बघायला गेले होते. दोन मिनिटांचं काम, म्हणून जाड कोट बाहेरच ठेवला होता.

आतला खटका मोडलेला होता.

चहाच्या वेळी मिस्त्रींचा मग तसाच राहिला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. दादानंच धावत जाऊन दार उघडलं. मिस्त्री दाराला टेकून बसलेले, भुवया पांढऱ्या, हातात पाना. पाना हातातून सुटेना. दवाखान्यात सोडवला म्हणे.

गुरुवारी चौकशी बसली. वरच्या ऑफिसनं बाहेरचा माणूस पाठवला होता. निवृत्त वकील, बारीक चणीचे, कानात ऐकायचं यंत्र, बोलणं अगदी हळू. आम्ही त्यांना चौकशीसाहेब म्हणायचो. मॅनेजरच्या केबिनमध्ये टेबल मांडलं. एका बाजूला चौकशीसाहेब, एका बाजूला मॅनेजर, समोर दादा आणि कोपऱ्यात टाइप करायला मी. सख्ख्या भावाची चौकशी बहिणीनं टाइप करायची. दुसरं कोणी टायपिंग शिकलेलंच नाही तिथं, करता काय?

कंपनीच्या नियमांत दोन शब्द आहेत. नजरचूक झाली तर समज देऊन सोडायचं. हयगय झाली तर नोकरी गेली, कंपनीची खोली गेली आणि माणूस दगावला तर कागद सरळ पोलिसांकडे. दादाच्या अंगावर कुठला शब्द पडतो एवढाच प्रश्न होता. मिस्त्री अजून शुद्धीवर नव्हते.

"हयगयच आहे," मॅनेजर म्हणाला. "बिल्ला डोळ्यांसमोर लटकतोय. आंधळा असता तर गोष्ट वेगळी."

"तुम्ही शब्द सुचवू नका," चौकशीसाहेब म्हणाले. मग दादाकडे वळले. "दरवान, हयगय म्हणजे काय, माहीत आहे?"

दादाचा चेहरा असा की जणू शाळेत उभं केलंय. "भिंतीवर लिहिलंय साहेब."

"लिहिलंय ते मी बघितलं. अर्थ सांगा."

दादा म्हणाला, "आमची ही सकाळी म्हणते. गोळीची हयगय करू नका. मला रक्तदाबाची गोळी आहे."

मॅनेजर फिस्सकन हसला. चौकशीसाहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून ठेवलं.

"साहेब, एक बोलू का?" दादा म्हणाला. "खटका मोडलाय हे मिस्त्रींनी लेखी दिलं होतं. तीन महिने झाले. मला स्वतः म्हणाले होते, दिलाय कागद, आता होईल दुरुस्त."

"कुठाय कागद?" मॅनेजर तडकला. "आवक वहीत नोंद दाखवा. नाहीये. आला असता तर असती. बाई, आवक वही तुमच्याकडेच असते ना?"

"हो," मी म्हणाले. माझी बोटं थांबली. कॉम्प्युटरवर 'कुठाय का' एवढंच उमटलं होतं.

कारण मला आठवलं.

कागद मला दिला होता. मिस्त्रींनी, खिडकीतून, हाताला ग्रीस, कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा. "हयबाई, एवढं साहेबांपुढं ठेवा. त्या खटक्याचं आहे. उद्या कोणी आत गोठला तर मटारांबरोबर विकाल त्याला." मी हसले. "ठेवते," म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. वहिनीचा. येताना काय काय आणायचं ते सांगत होती. मी हाताशी होता तो कागद उलटा केला आणि त्याच्या पाठीवर यादी लिहिली.

ती यादी घेऊन मी घरी गेले. आवक वहीत काय नोंद करणार?

दादा माझ्यासमोर तीन हातांवर बसला होता. त्याच्या बुटांना नव्या नाड्या होत्या. नाड्या त्याच यादीत होत्या.

चौकशीसाहेब म्हणाले, "उद्या दार बघू. आजचं पुरे."

बाहेर पडताना मॅनेजरनं मला हळूच थांबवलं. आवाज मऊ. तो मऊ बोलला की मला जास्त भीती वाटते. "भावाला समजाव. हयगय झाली म्हणून सही करू दे. मिस्त्री वाचला तर तुझ्या भावाच्या नोकरीचं मी बघतो. आणि हे बघ, तो तक्रारीचा कागद खरंच आला असेल तर कुणाच्या हातात आला, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायला लावू नकोस."

म्हणजे त्याला अंदाज होता. शिवाय त्याला स्वतःची भीती होती. दर महिन्याच्या एक तारखेला तो एका दाखल्यावर सही करायचा : 'खोली क्रमांक एक ते पाच यांच्या दारांचे आतील खटके तपासले व सुस्थितीत आढळले.' कोणी तपासले? कुणी नाही. मी मागच्या महिन्याचा कागद उघडायची, महिना बदलायची, छापायची, तो सही ठोकायचा. अकरा वर्षांत एकाही खटक्याला कुणाचं बोट लागलं नसेल. आम्ही दोघं मिळून ती दारं कागदावर उघडत होतो.

घरी आले तेव्हा वहिनी पोळ्या लाटत होती. दादा बाहेर ओट्यावर बसला होता, बूट न काढता.

"वहिनी, मी तीन महिन्यांपूर्वी एक यादी आणली होती, तुम्ही फोनवर सांगितली ती. कुठं असेल?"

"यादी? वन्सं, डोकं ठिकाणावर आहे ना? इथं माणूस जेवत नाहीये दोन दिवस आणि तुम्हाला याद्या सुचतायत?"

"वहिनी, सांगा ना."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लाटणं खाली ठेवलं. वहिनी कागद फेकत नाही. डब्यांच्या फळीवर खाली अंथरते, तेलाचे डाग पडू नयेत म्हणून. एकेक डबा उचलायला लागली. पोह्यांचा, डाळीचा, मिठाचा. साखरेच्या डब्याखाली निघाला. मधोमध डब्याचा गोल उमटला होता. माझं अक्षर : दोन साबण, सुयांचं पाकीट, ह्यांच्या बुटांच्या नाड्या, साखर.

तिनं तो उलटा केला. वाचला. वहिनी चौथीपर्यंत शिकलीय, वाचताना ओठ हलतात. ओठ हलत हलत थांबले.

"तीन नंबरचा खटका मोडला आहे," ती कुजबुजली. "आत माणूस अडकल्यास निघू शकणार नाही. वन्सं."

मी कागदावरचे साखरेचे कण झटकले.

"ह्यांना माहीत आहे?"

"नाही."

"सांगू नका." तिनं बाहेर ओट्याकडे बघितलं. "सांगितलं तर ते चुलीत घालतील हा कागद. तुम्हाला वाचवायला. त्यांना मी ओळखते."

तेही खरं होतं. लहानपणी माझ्या हातून आरसा फुटला तेव्हा दादानं मार खाल्ला होता, 'मीच फोडला' असं म्हणून. आरशाचं ठीक आहे. हा माणूस होता.

वहिनीनं कागद माझ्यापुढं ताटाशेजारी ठेवला. माझ्या हातात दिला नाही. "तुमचा कागद आहे. तुम्ही काय ते करा. मी काही म्हणणार नाही." मग पुन्हा लाटणं हातात घेतलं आणि पाठमोरी म्हणाली, "नवरा माझा आहे एवढंच ध्यानात ठेवा."

ह्याला काही म्हणणार नाही म्हणतात!

दादा आत आला, जेवायला बसला, दोन घास खाल्ले. "ठमे, उद्या मी सही करून टाकतो," तो म्हणाला. "मॅनेजर म्हणतो बघतो."

"कशाला करतोस?"

"दार मीच लावलं ना? बिल्ला समोर होता. मला दिसला, ठमे. शपथेवर सांगतो, दिसला. आणि मनात आलंच नाही की बिल्ल्याच्या मागं माणूस असतो." त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. "रोज कानात ठक ठक येतंय. तेव्हा नव्हतं आलं. आता येतंय."

कागद माझ्या मांडीखाली होता.

शुक्रवारी सकाळी कागद पर्समध्ये घालून मी गेले. काय करायचं ते ठरलं नव्हतं, ठरलं होतं असं आता सांगितलं तर ते खोटं होईल. मी फाटकातून शिरले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य वाचलं. हयगय करणाऱ्याची गय नाही. ती करणारी त्याच्या खाली उभी होती, हातात डबा घेऊन, सगळ्यांसारखीच.

तीन नंबरच्या दारापुढं सगळे जमलो. वरच्या ऑफिसच्या हुकमानं मंगळवारपासूनच त्या दाराला सील होतं. कोणी हात लावलेला नव्हता. मिस्त्रींचा बिल्ला अजून खिळ्यावरच होता.

मॅनेजरनं फाईल उघडली. "हा एक तारखेचा दाखला. माझी सही. खटका सुस्थितीत होता. मिस्त्री आत घाबरला असेल, अंधारात सापडला नसेल. माझ्या मते तांत्रिक दोष काही नाही."

"तुम्ही स्वतः तपासला?" चौकशीसाहेबांनी विचारलं.

"तपासूनच सही करतो साहेब."

"उत्तम. मग आत जा. दार लावतो. दाबून बाहेर या."

मॅनेजरनं फाईल मिटली.

"मला दम्याचा त्रास आहे," मॅनेजर म्हणाला.

मागून एक हमाल पुटपुटला, "आजपासून झाला वाटतं." कोणी हसलं नाही.

"मी जातो," दादा पुढं झाला.

"तुम्ही नाही. तुम्ही दरवान, तुम्ही बाहेर. त्या दिवशी जसं केलं तसं करा. फक्त नियमाप्रमाणे तीनदा हाक मारा. दोन मिनिटांत दार आतून उघडलं नाही तर तुम्ही उघडायचं. घड्याळ माझ्याकडे आहे." चौकशीसाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोण जातंय?"

सगळे खाली बघत होते. आपापल्या बुटांकडे.

"मी जाते," माझ्या तोंडून निघालं.

"ए ठमे, येडी आहेस का?" दादा.

"दोन मिनिटं तर आहेत."

मिस्त्रीही हेच म्हणाले असतील.

मी आत शिरले. अंगात स्वेटर होता, खांद्याला पर्स. दादानं दार लोटलं. प्रकाशाची फट बारीक झाली, मग गेली. मग दांडा पडल्याचा आवाज. आवाज असा नव्हेच, तळपायात धक्का बसला एवढंच.

पहिली गोष्ट म्हणजे आतली हवा. ती नाकात शिरत नाही, टोचते. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. पंख्यांचा आवाज एवढा की आपला श्वासही ऐकू येत नाही. वर एक पिवळा दिवा होता, बर्फानं माखलेला. मी दाराकडे तोंड करून उभी होते. खटका माझ्या छातीएवढ्या उंचीवर, लाल, हिरवट डाग पडलेला. मी दाबला. तो आत गेला आणि आतच राहिला. जसं गादीत बोट घालावं. पुन्हा दाबला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला. काहीच नाही.

मला माहीतच होतं तो मोडलाय. कागद माझ्या पर्समध्ये होता. तरी दाबताना मनात येत होतं, आता उघडेल, असं कसं उघडणार नाही? माहीत असणं वेगळं आणि आत असणं वेगळं.

मग मला खटक्याच्या आजूबाजूला पत्रा दिसला. खड्डे पडले होते. लहान, चंद्रकोरीसारखे, शेकड्यांनी. पान्याचे. खटक्याजवळ खोल होते, जोरात मारलेले. खाली खाली येत उथळ होत गेले. सगळ्यात खालचे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, नुसते ओरखडे. माणूस आधी उभा होता, मग वाकला, मग बसला. कसं कसं झालं ते सगळं पत्र्यावर लिहिलेलं होतं. तो कागद आवक वहीत चढवायला मला कितीसा वेळ लागला असता?

मी दारावर मुठी मारायला लागले. चाचणी आहे हे विसरले. दोन मिनिटं आहेत, बाहेर सख्खा भाऊ आहे, घड्याळ आहे, हे सगळं विसरले. "दादा!" ओरडले. मलाच ऐकू आलं नाही. दादानं हाक मारायची होती, तीही आली नाही. म्हणजे तो गेला का? ट्रक आला का? फोन आला का त्याला? कोणी त्याला यादी सांगत असेल का? मी पर्समधून कागद काढला, का काढला ते मला सांगता येणार नाही, आणि तो दारावर सपाट धरून त्याच्यावरच मुठी मारत राहिले, जणू दार वाचेल आणि उघडेल.

दार उघडलं. मी दादाच्या अंगावर पडले.

"एक मिनिट पन्नास सेकंद," चौकशीसाहेब म्हणाले. "दरवान, दहा सेकंद लवकर."

"साहेब, मी नाही थांबू शकलो," दादा म्हणाला. तो रडत होता. माझ्या पाठीवर थापा मारत होता, लहान मुलाला उचकी लागल्यावर मारतात तशा.

"हाक मारलीत?"

"सहादा मारली. घसा बघा."

चौकशीसाहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला किती ऐकू आल्या?"

"एकही नाही."

ते थोडा वेळ कानातल्या यंत्राशी चाळा करत राहिले. "म्हणजे हा माणूस त्या दिवशी तीनदा काय, शंभरदा ओरडला असता तरी आत कळलं नसतं." मग मॅनेजरला, "आणि खटका?"

मॅनेजर बोलायच्या आत मी कागद पुढं केला. तो माझ्या घामानं की कशानं ओला झाला होता. कोपऱ्यावरचा ग्रीसचा ठसा तसाच होता.

"हा मिस्त्रींचा कागद. तीन महिन्यांपूर्वी माझ्या हातात दिला. मी वहीत चढवला नाही, साहेबांपुढं ठेवला नाही. त्याच्या पाठीवर बाजाराची यादी लिहिली आणि घरी नेला. साखरेच्या डब्याखाली होता."

"ठमे, गप!" दादा ओरडला. खरंच त्यानं कागदाकडे हात घातला. वहिनी बरोबर म्हणाली होती. चौकशीसाहेबांनी तो आधीच घेतला होता.

"आणि त्यानंतरचे तीन दाखले त्या फाईलमध्ये आहेत," मी म्हणाले. आता तोंड थांबत नव्हतं. "तिन्हींवर खटका सुस्थितीत. मी फक्त महिना बदलला. ह्यांनी फक्त सही केली."

"बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का?" मॅनेजरचा मऊ आवाज पार गेला होता.

"कळतंय. आत्ताच आत जाऊन आलेय. तुम्हीही जाऊन या."

तासाभरानं पुन्हा केबिन. पुन्हा मी मशीनपुढं. बोटं लाल झाली होती, अक्षरं चुकत होती. चौकशीसाहेब सांगत होते, मी टाइप करत होते. दरवानाकडून नजरचूक झाली, समज द्यावी. दाखल्यांवर न तपासता सह्या झाल्या, त्याची वरच्या ऑफिसनं वेगळी चौकशी करावी. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. पुढं माझं नाव आलं.

"टाइप करा. सदर टायपिस्टकडून कामात हयगय झाली."

मी 'कामात' पर्यंत आले आणि थांबले.

"काय झालं?"

"साहेब, 'कामात' नको."

"नियमात तसंच आहे. 'कामात हयगय.'"

"नियमही मीच टाइप केलाय साहेब. तुम्ही काल दादाला अर्थ विचारलात ना? तो म्हणाला, वहिनी म्हणते, गोळीची हयगय नको. घरात बोलताना आम्ही 'ची' लावतो. गोळीची, पोराची, माणसाची. इथं भिंतीवर 'त' लावलाय. कामात. 'त' लावला की माणूस दिसतच नाही, नुसतं काम दिसतं. मी कामात काहीच चुकले नाही. त्या दिवशी चाळीस पत्रं बिनचूक टाइप केली."

मॅनेजर म्हणाला, "आता हिचं व्याकरणही ऐकायचं का?"

"मग काय लिहू?" चौकशीसाहेबांनी मला विचारलं. मला, मॅनेजरला नाही.

"टायपिस्टकडून मिस्त्रींची हयगय झाली."

चौकशीसाहेबांनी आपली वही मिटली. "शिक्षा तीच राहील बाई."

"माहीत आहे."

"लिहा."

मी लिहिलं. खाली माझीच सही. आजवर माझी सही कुठल्या कागदावर लागली नव्हती, दुसऱ्यांच्याच लागायच्या.

नोकरी गेली. टेबल आवरताना ड्रॉवरमध्ये माझाच बिल्ला सापडला, कधी न लावलेला, अजून चकचकीत. दादाची नोकरी राहिली. खोली त्याच्या नावावर आहे म्हणून तीही राहिली. मॅनेजर अजून केबिनमध्ये बसतो. वरची चौकशी चालू आहे म्हणतात. चालू असेल. तीन नंबरचा खटका नवा बसला, तो दादा रोज सकाळी स्वतः आत जाऊन दाबून बघतो. बाहेर एक हमाल उभा करून. घरी आला की अजून बूट काढत नाही लवकर.

काल मिस्त्री शुद्धीवर आले. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. दादा भेटून आला.

"बोलले का?" मी विचारलं.

"बोलले ना. तोंड कुठं गोठलंय त्यांचं? नर्सला म्हणाले, उरलेल्या दोनात पाना बसेल का बघा." दादा ओट्यावर टेकला. "तुझी चौकशी करत होते. म्हणाले, ती आली नाही?"

"ती म्हणजे? काय म्हणाले, दादा? हयबाई म्हणाले का?"

"आता ते कुठं लक्षात राहतं, ठमे?"

"आठव ना."

"नाही आठवत गं."

वहिनीनं डबा भरून ठेवलाय. चारला भेटायची वेळ सुरू होते. मी तयार होऊन बसलेय, चपला पायात आहेत आणि उठवत नाहीये. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. हयबाई म्हणाले तर काय करेन ते माहीत नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघून नुसतं 'या बाई, बसा' म्हटलं तर? त्याचीच भीती वाटतेय.

"वन्सं, चार वाजत आले," वहिनी आतून म्हणाली. "उठा. आता आणखी हयगय नको त्यांची."